मुलीचा मामा वारूळवाडीत

विवाहविधीला देव, अग्नी आणि द्विज यांचे सान्निध्य असावे, असे शास्त्र सांगते. जुन्नर-आंबेगावच्या मंडपांत गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत त्यांत एका चौथ्याची भर पडली आहे. तो यजमान नव्हे, पाहुणा नव्हे, पुरोहित तर नव्हेच. पण तो आल्याशिवाय अंतरपाट धरला जात नाही, आणि त्याने मान हलवल्याखेरीज वराच्या हातून मंगळसूत्राची गाठ पडत नाही. वारूळवाडीचा गोरख हा असाच चौथा. वय अठ्ठेचाळीस, त्यातली सव्वीस वर्षे लग्नांची छायाचित्रे काढण्यात गेलेली.

विद्या त्याला जुन्नरच्या इस्माईलभाईंकडून मिळाली. त्या काळी रिळात छत्तीस चित्रे मावत आणि एका लग्नाला दोन रिळे पुरवावी लागत. म्हणून इस्माईलभाईंनी त्याला आधी कॅमेरा दिलाच नाही. वर्षभर नुसते मंडपात उभे केले आणि पाहायला सांगितले. कोणता मंत्र संपला की वधूची ओंजळ वर येते, सप्तपदीत वराचा अंगठा कुठे टेकतो, कोणत्या क्षणी आईचा धीर सुटतो, हे सारे गोरखला मुखोद्गत झाले. पुढे रिळे गेली, डोक्यावर ड्रोन घिरट्या घालू लागले. पण गोरखचा पाहण्याचा संयम तसाच राहिला. त्याच्या हाताला गुण आहे, असे दोन्ही तालुक्यांत म्हणू लागले.

लौकिक हेही एक बंधनच असते, आणि ते माणसाला फार मऊ दोरीने बांधते. साऱ्या जगाचा आनंद पंचांगाने नेमक्या त्याच तिथींना ठरवलेला. त्यामुळे आप्तांची लग्ने आणि गिऱ्हाइकांची लग्ने एकाच दिवशी यायची. सव्वीस वर्षांत गोरख स्वतःच्या भावबंदांच्या एकाही पंगतीत मांडी घालून बसला नव्हता. पुढेपुढे नातलगांनी आग्रह सोडला. पत्रिका देताना ते हसून म्हणत, ‘तुला काय, जमलं तर ये बाबा.’ त्या ‘जमलं तर’मधली माया त्याला कळे आणि टोचेही.

एकच लग्न, भाचीचे, त्याने या नियमातून बाहेर काढून ठेवले होते. डिंभ्याची त्याची धाकटी बहीण अश्विनी. तिचा नवरा गेला तेव्हा मुलगी अक्षदा नऊ वर्षांची होती. पोरीची शाळा गोरखच्या घरी राहून झाली. औषधशास्त्राची पदविका घेऊन ती घोडेगावला औषधांच्या दुकानात लागली, तेव्हा दुकानात पहिले गिऱ्हाईक म्हणून गोरखच गेला होता; विनाकारण खोकल्याची बाटली घेऊन आला. लग्न ठरल्यावर अक्षदा त्याला एवढेच म्हणाली होती, “मामा, माझ्या लग्नात कॅमेरा नको. तुमी नुसतं या.”

आपल्या विवाहपद्धतीत मातुलाचे स्थान मोठे आहे. गुरुजींनी पुकारा केला की मामाने भाचीचा हात धरून तिला बोहल्यापर्यंत आणायचे आणि अंतरपाट दूर होईपर्यंत तिच्या पाठीशी उभे राहायचे. जिला पिता नाही, तिच्या बाबतीत त्या पाठीशी उभे राहण्याला किती अर्थ असतो, ते सांगायला नको.

नवऱ्या मुलाकडच्यांना वैशाखातली एकच तिथी सोयीची होती. आणि त्याच तिथीला गोरखने वारूळवाडीच्या धर्माजींना शब्द दिलेला होता. धर्माजी द्राक्षांचे मोठे बागाईतदार. त्यांच्या थोरल्या दोन्ही मुलांची लग्ने गोरखने टिपली होती, आता धाकट्या हर्षालीचे होते. शब्द मागे घेणे गोरखच्या स्वभावात नव्हते. त्याने बहिणीच्या ओसरीवर पंचांग उघडले आणि तोड काढली. हर्षालीचा मुहूर्त बारा पस्तीसचा. अक्षदासाठी गोरज मुहूर्त धरावा, सायंकाळी सहा पस्तीस. हर्षालीच्या अक्षता दीडला पडल्या तरी तीनला मोकळे होता येईल. बेचाळीस किलोमीटरची वाट. साडेचारला मामा डिंभ्यात हजर.

हा हिशेब दुसऱ्या कुणी केला असता तर नवल नव्हते. परंतु बाराचा मुहूर्त तीनवर गेलेला ज्याने शेकडो वेळा पाहिला, त्याच गोरखने पत्रिकेवरच्या छापील वेळेवर विश्वास ठेवला. माणूस दुसऱ्यांच्या घरचे सारे जाणतो. स्वतःच्या घरचे कार्य आले की त्यालाही वाटते, या खेपेला वेळ पाळली जाईल.

त्या दिवशी बारा पस्तीस झाले, एक वाजला. मंडपात चार हजार माणसे पत्रिकेचेच पंखे करून वारा घेत होती. व्यासपीठावर सत्कार चालू होते: शाल, श्रीफळ, फेटा, आणि प्रत्येकाचे दोन शब्द. गोरख प्रत्येक श्रीफळाचे चित्र घेत होता. दोन वाजता तो धर्माजींच्या कानाशी लागला.

“आण्णा, आता अंतरपाट धरू या का?”

“आरं, साहेब मंचर सोडून निघाल्यात,” धर्माजी म्हणाले. “ते आल्याबिगर कसं धरायचं? आणि तुला कसली घाई? तुझं काय लगीन लागायचंय?”

भोवतीची माणसे हसली. गोरखही हसला, हसण्याचीच जागा होती ती. त्याच्या घरी कार्य आहे हे धर्माजींना ठाऊक नव्हते असे नाही. पण चार हजार पाहुण्यांच्या धनी माणसाला त्या क्षणी ते आठवत नव्हते, इतकेच.

साहेब पावणेतीनला आले, वीस मिनिटे बोलले. अक्षता तीन वाजून वीस मिनिटांनी पडल्या. मग कन्यादान, होम, सप्तपदी. आणि त्यानंतर नवराबायकोशेजारी उभे राहून चित्र काढून घेणाऱ्यांची रांग. गोरखच्या जोडीला चित्रफितीचा कॅमेरा धरून रुमाना होती, इस्माईलभाईंची लेक. हाताने बापासारखीच स्थिर. घड्याळात पाच वाजायला आले तशी ती त्याच्याजवळ सरकली.

“चाचा, तुमी निघा. ही रांग मी आवरते.”

“आण्णांना सांगून निघतो.”

“सांगायला गेलात तर राहाल,” रुमाना म्हणाली.

खिशात फोन थरथरत होता. अश्विनी होती. “दादा, कुठवर आलास?”

“निघालोच,” गोरख म्हणाला.

हा शब्द त्याने सव्वीस वर्षांत हजारो तोंडांतून ऐकला होता आणि दर वेळी त्याचा खरा अर्थ ओळखला होता. पलीकडे अश्विनीने ‘बरं’ म्हणून फोन ठेवला. बहुधा तिलाही तो कळला असावा.

तो खरोखरच निघाला. पिशवी खांद्याला लावून मंडपाच्या कडेने मोटारसायकलपाशी पोचलाही. आणि तिथेच धर्माजी समोर आले. चेहऱ्यावर दुपारचा तोरा नव्हता.

“गोरख, मला ठावं हाय तुला जायचंय. धाच मिनिटं दे. आईला घेऊन येत्यात.”

धर्माजींच्या आई ठकूबाई नव्वदी ओलांडलेल्या. सहा महिन्यांपासून अंथरुणावर. दुपारी लग्नालाही त्यांना आणता आले नव्हते. आता ऊन उतरल्यावर सुना त्यांना शालू नेसवून खुर्चीतून आणत होत्या. आणि कशासाठी, हे या भागात कुणाला सांगावे लागत नाही. घरातले वडीलधारे माणूस नेसून-सवरून बसते ते लग्नाच्याच दिवशी. म्हणून मागे भिंतीवर लावायचे चित्र त्याच दिवशी निराळे काढून ठेवतात. दशक्रियेच्या फलकावर तेच येते. त्याविषयी कुणी मोठ्याने बोलत नाही. छायाचित्रकाराला नुसते म्हणतात, ‘आईचा एकटीचा एक घे.’

“रुमाना छान काढील, आण्णा,” गोरख म्हणाला. “माझ्याहून चांगला.”

“म्या सांगितलं की आईला. ती म्हणती, गोरख्या नसंल तर मला परत निजवा.” धर्माजींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “पुढल्या लग्नाला ती असंल का रं?”

दांडगाईने अडवले असते तर गोरख झटका देऊन निघाला असता. खांद्यावरचा तो हात मात्र त्याला बाजूला सारता येईना. गाडीची किल्ली त्याच्या मुठीत होती. वाट मोकळी होती. आणि तो उभा होता.

दहा मिनिटांची पस्तीस झाली. ठकूबाईंची खुर्ची लिंबाच्या झाडाखाली ठेवली तेव्हा पावणेसहा होऊन गेले होते.

“कोण, गोरख्या? म्हातारा झालास की रं.”

“तुमच्याआधी न्हाई व्हायचो, आज्जी.”

म्हातारी बोळक्या तोंडाने हसली. “हसले तर चालंल का? हसणारी म्हातारी भितीवर लावली तर सुना भेतील.”

“सुना आत्ताबी भेत्यात,” मागून धाकटी सून म्हणाली, आणि सासूच्या डोक्यावरचा पदर नीट केला.

गोरखने कॅमेरा डोळ्याला लावला. ठकूबाईंनी हाताने त्याला थांबवले.

“आमच्या ह्यांचा फोटू तूच काढला व्हतास. त्यांचं तोंड कुठल्या अंगाला हाय, याद हाय का?”

गोरखला आठवत होते. चौदा वर्षांपूर्वीचे, धर्माजींच्या थोरल्याच्या लग्नातले. म्हातारबुवा उजवीकडे पाहत होते, जरासे खाली.

“उजव्या अंगाला, आज्जी.”

“मग माझं डाव्या अंगाला कर. भितीवर जल्म काढायचा, तर येकमेकाकडं बघाया नको?”

तिला दुसरा कुणी का नको होता, ते आता साऱ्यांना कळले. गोरख तिच्यापुढे गुडघ्यावर बसला. चेहरा किती वळवायचा, हनुवटी किती खाली, नजर कुठे ठेवायची, हे त्याने बोटाने दाखवून दिले. म्हातारीची मान ठरत नव्हती. पुन्हा पुन्हा कलत होती. नथ तिरपी झाली, ती सरळ केली. उन्हाने डोळे मिटले, म्हणून सावली धरली. लिंबाच्या फांद्यांतून येणारा प्रकाश तांबूस होत चालला होता. ज्याला गोरज म्हणतात, तोच तो.

“घाई करू नगंस,” ठकूबाई म्हणाल्या.

“न्हाई करत.”

“मग घड्याळाकडं का बघतोयस?”

गोरखने कोपर मांडीवर टेकले, श्वास रोखला आणि चित्र घेतले. एकच. पाहिले, ते बरोबर आले होते. इतके बरोबर की दुसरे घेण्याचे कारण उरले नाही. त्याने तिच्या पायांना हात लावला आणि निघाला. मागून धर्माजी ‘जेवून तरी’ असे काही म्हणत होते.

मोटारसायकलवर बसताना फोन पुन्हा थरथरला. या वेळी अक्षदा होती.

“मामा, कुठं?”

“वारूळवाडी,” गोरख खरे बोलला.

सहा वाजून बारा मिनिटे झाली होती. पलीकडे वाजंत्री, बायकांचे बोलणे.

“मी गुरुजींना थांबायला सांगते. सगळे घरचेच हाईत. कुणी काय म्हणायचं न्हाई.”

गोरखला तो मंडप दिसला. वरच्या वाड्यांतून आलेली माणसे, त्यांना परत नेणारी रात्रीची एकुलती एक एसटी, ती न येण्याचीही तितकीच शक्यता. उपाशी म्हातारी, पेंगणारी पोरे. दिवसभर तो अशाच थांबलेल्या माणसांसमोर उभा होता, आणि मनातल्या मनात साहेबांना बोल लावत होता.

“थांबायचं न्हाई,” तो म्हणाला. “सहा पस्तीस म्हंजी सहा पस्तीस. कुशाबाला उभं कर.”

कुशाबा त्याचा आणि अश्विनीचा चुलत भाऊ. भला माणूस.

“कुशामामा हाईत चांगले,” अक्षदा म्हणाली. आणि मग, “मी नुसतं या म्हणले व्हते.”

फोन तिनेच ठेवला.

नारायणगाव मागे पडले. हमरस्त्यावर तिथीची गर्दी होती; फुले लावलेल्या गाड्या दोन्ही दिशांनी धावत होत्या आणि त्यांतल्या अर्ध्याअधिक लग्नांची घरे त्याला ओळखत होती. कळंबच्या अलीकडे फोन वाजला. त्याने गाडी कडेला घेतली.

“दादा, ऐक,” अश्विनी घाईने म्हणाली. “अंतरपाट धरतायत. फोन चालू ठेवते.”

मग नुसता मंडप ऐकू येऊ लागला. खुर्च्यांची सरकासरक, कुणाचे तरी खाकरणे. आणि गुरुजींचा स्पष्ट, सावकाश स्वर: “मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावे.”

गोरखचा उजवा हात छातीवरच्या कॅमेऱ्याकडे गेला. या पुकाऱ्याला तो हात सव्वीस वर्षे तिकडेच जात आला होता. झाकण काढले गेले, बोट कळीवर जाऊन बसले. समोर उसाचे शेत होते. आपण काय करतो आहोत हे उमगल्यावर तो हात त्याला कुठे ठेवावा ते कळेना. त्याने गळ्यातला पट्टा ओढून काढला आणि कॅमेरा गाडीच्या बैठकीवर ठेवला.

मग तो चालू लागला. फोन कानाशी धरून, रस्त्याच्या मातीच्या कडेने, शालूच्या निऱ्या सांभाळणारी मुलगी चालेल तितक्याच संथ गतीने. किती पावले असतात ते त्याला माहीत होते. तितकी चालून तो थांबला आणि उभा राहिला. मालमोटारी भसाभसा जवळून जात होत्या. कुणी तरी ओरडून विचारले, “पावणं, गाडी बंद पडली का?” त्याने मान हलवली.

मंगलाष्टके पाच झाली. त्याने पाचही उभ्याने ऐकली. शेवटच्या ‘सावधान’नंतर टाळ्यांचा आणि वाजंत्रीचा एकच कल्लोळ झाला, आणि त्यात अश्विनीला फोन बंद करायचा राहून गेला. बऱ्याच वेळाने कुणाच्या तरी हाताने तो बंद झाला.

गोरख परत गाडीपाशी आला. डिंभे अजून तीस किलोमीटर होते.