सुधारगृहातली कातर

पाटोद्याच्या बाजारात पाटलाच्या पोरानं आमच्या मेंढरांवर मोटारसायकल घातली. मी काठीनं त्याचं डोकं फोडलं आणि सुधारगृहात गेलो. मी धनगराचा आहे हे तिथल्या रखवालदाराला कळलं, तसं त्यानं माझ्या हातात कातर दिली. "नव्या पोरांची डोकी तूच भादर बे. तुज्या हातात हुन्नर हाय."

मला एकच पद्धत माहीत होती. मेंढरू आडवं पाडायचं, चारी पाय एकत्र बांधायचे, मानेवर गुडघा रोवायचा. पोरं केस वाचवायला लाथा झाडायची, म्हणून त्यांनाही मी तसंच धरायचो. घरी कातर लागून रक्त आलं की बाप लगेच जखमेवर हळद दाबायचा. इथं रक्त बघून रखवालदार हसायचा. "पोरगं लई सुधारायलं," म्हणायचा. सुधारायलं म्हणे!

एका दुपारी वरणाचं ताट सांडलं म्हणून त्यानं एका पोराला पट्ट्यानं असं हाणलं, की पाठीची सालटं निघाली. माझं टाळकं सटकलं. मी रखवालदाराला आडवा पाडला. ज्यांची डोकी मी भादरली होती, त्याच पोरांनी त्याचे हातपाय धरले. त्याच्याच पट्ट्यानं मी ते आवळले, मानेवर गुडघा दिला आणि मिशीसकट त्याचा ओठ कातरला.

बाल न्याय मंडळापुढं उभं केलं तेव्हा मॅडमनी विचारलं, "हे कुठं शिकलास?"

"मेंढरं कातरायला बापानं शिकवलं," मी म्हणालो. "माणसं कातरायला तुमी."