दुपट्ट्याचे चार कोपरे

त्या दिवशी सकाळी मला दोन फोन आले. पहिला साडेनवाला. मी नववीच्या वर्गात फळ्यावर वर्तुळ काढत होते. बाबा वृद्धांच्या ज्या सेवाकेंद्रात होते तिथल्या मॅनेजरबाईंचा फोन होता. "मॅडम, आजोबा गेले. नाश्त्याला उठवायला गेलो, तर..." पुढचं मी ऐकलं नाही. दुसरा फोन पावणेबाराला आला, तेव्हा मी त्यांच्या पलंगाशेजारी उभी होते. सीताबर्डीच्या दुकानातली मुलगी आनंदाने सांगत होती, "ताई, बाबांच्या कानाच्या मशिनी आल्या! उद्या घेऊन या त्यांना, बसवून देते." मी "हो" म्हणाले. फोन ठेवला आणि मग रडले. बाबांसाठी रडले की रागाने, ते मला आजही सांगता येत नाही. या गोष्टीला आता दीड महिना होत आला. भेटायला येणारे लोक म्हणतात, सुटले बिचारे. कशातून सुटले, हे त्यांच्यापैकी एकानेही विचारलेलं नाही.

माझे बाबा कळमन्याच्या धान्यबाजारात हर्रास बोलायचे. हर्रास म्हणजे लिलाव. तुरीचा ढीग समोर, भोवती वीस व्यापारी, सगळे एकदम ओरडताहेत, आणि त्या गलक्यात कोण किती बोलला हे बाबांना नेमकं ऐकू यायचं. मागच्या रांगेतून कोणी हळूच बोट वर केलं तरी त्यांची नजर तिथे पोचायची. त्यांच्या खांद्यावर कायम एक पांढरा दुपट्टा असायचा. ढिगातून मूठभर माल उचलायचा, दुपट्ट्याच्या कोपऱ्यात बांधायचा आणि व्यवहार पुरा होईस्तोवर ती गाठ सोडायची नाही. त्याला ते वानगी म्हणत. पुढे पोत्यातून निघालेला माल वानगीशी जुळला नाही की भांडण, म्हणून वानगी ते कोणाच्या हाती देत नसत. "दुसऱ्याच्या हाती गेली का बदलते वं. आपल्या अंगावर पायजे," असं म्हणत ते एक हात आणि दात लावून अशी गाठ मारायचे की आईला ती सुटायची नाही. आई दुपट्टा बादलीत टाकण्याआधी चारही कोपरे चाचपून बघायची आणि रोज कशात तरी तूर नाहीतर हरभरा सापडायचाच. मग ती त्यांच्यावर करवादायची आणि ते हसायचे. आमच्या घरातला रोजचा सकाळचा कार्यक्रम होता तो.

त्याच माणसाचा कान गेला. आधी फोनवरचं ऐकू येईना, मग समोरच्याचं. मशीन लावायला दोन वर्षं तयार नव्हते. शेवटी लावली, घरी आले, स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "शोभे, तुह्या कढईत मोहरी तडतडून राहिली वं!" मी फोडणी जाळली त्या दिवशी. त्यानंतर त्या दोन मशिनी म्हणजे त्यांचा जीव की प्राण झाल्या. रात्री काढल्या की बॅटरीची झाकणं उघडी ठेवायची, हे दुकानातल्या मुलीने एकदा सांगितलेलं त्यांनी कधी चुकवलं नाही.

मग आई गेली, आणि वर्षभराने बाबांना लकवा झाला. डावी बाजू गेली, जीभ जड झाली, एकेक शब्द ओढून काढावा लागायचा. माझं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, त्यांना उचलायला दोन माणसं लागायची. भाऊ पुण्याला. मी त्यांना सेवाकेंद्रात ठेवलं. हे मी स्वतःची बाजू मांडायला लिहीत नाही. माझी बाजू फार चांगली नाहीच.

त्या केंद्राचा नियम होता की रात्री प्रत्येकाने कानाची मशीन, कवळी, चष्मा डब्यात घालून काउंटरवर द्यायचा. बाबा देत नसत. तक्रार माझ्याकडे आली, आणि मी, त्यांचीच मुलगी, त्यांना म्हणाले, "बाबा, द्या ना त्यांच्याजवळ. सांभाळतील ते." त्यांनी मान हलवली आणि तरी दिल्या नाहीत. त्याच सुमारास तिथे एका आजींचा पदर व्हीलचेअरच्या चाकात अडकला. लगेच नवा नियम निघाला, गळ्याभोवती काही ठेवायचं नाही. ओढण्या, मफलर, दुपट्टे, सगळं सकाळी पलंगांवरून गोळा करून, वर खोली नंबरची पट्टी चिकटवून स्टोअरमध्ये गेलं. त्याच संध्याकाळी मी गेले तर बाबांचे दोन्ही कान रिकामे होते.

"त्यांनीच कुठेतरी टाकल्या असतील," मॅनेजरबाई म्हणाल्या. गादी उचलली, कपाट उपसलं, बाथरूमची जाळी काढली, कचऱ्याचे डबे बघितले. नाही सापडल्या. बाईंनी रजिस्टरमध्ये लिहिलं, 'पेशंटकडून गहाळ'. पेशंटकडून! हा शब्द लिहायला त्यांना अर्धं मिनिटही लागलं नाही.

त्यानंतर जे झालं त्याने मी अजून पेटते. ऐकू न येणारा माणूस काय करतो? हसतो. बाबा सगळ्यांकडे बघून हसायचे, कशालाही मान हलवायचे. जेवण झालं का विचारलं तरी हो, नाही झालं का विचारलं तरी हो. आठवडाभरात त्यांच्या पलंगाला कागद लागला : 'सूचना समजत नाहीत.' दहा दिवसांत त्यांना मागच्या हॉलमध्ये हलवलं, जिथे कोणालाच ओळखत नसलेली माणसं ठेवतात. डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचे, दारातूनच हाक मारायचे, बाबा वळायचे नाहीत, की झाली तपासणी. मी म्हणाले, अहो त्यांना ऐकू येत नाही, डोकं ठणठणीत आहे. ते म्हणाले, "नातेवाइकांना हे स्वीकारायला वेळ लागतो." असं समजुतीने बोलणाऱ्या माणसावर राग काढायचा तरी कसा?

मी पाटी नेली. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू, म्हणून हातभर अक्षरांत लिहिलं, 'मशीन कुठे?' बाबांनी पाटीकडे बराच वेळ बघितलं. मग उजवा हात खांद्यावर ठेवला आणि म्हणाले, "दुपट्टा..." मी पुन्हा पाटीवर बोट ठेवलं. पुन्हा, "दुपट्टा... माहा." दुसऱ्या दिवशी गेले, तिसऱ्या दिवशी गेले, दर वेळी तेच. डॉक्टर म्हणाले, असे पेशंट एकच शब्द धरून बसतात. मला वाटलं, उघडा खांदा सलत असेल त्यांना. मी मॅनेजरबाईंशी भांडून दुपट्ट्याची परवानगी काढली. स्टोअरची किल्ली कोणाकडे तरी होती, तो रजेवर होता... म्हणून मी भर उन्हात सीताबर्डीला जाऊन नवा कोरा पांढरा दुपट्टा आणला. बाबांनी तो मांडीवर घेतला. चांगल्या हाताने त्याचा एक कोपरा चाचपला, मग दुसरा, तिसरा, चौथा. आणि जमिनीवर टाकून दिला. मी चिडले. "काहून फेकता बाबा? एवढ्या उन्हात जाऊन आणला ना मी!" असं ओरडले मी त्यांच्यावर, सगळ्या हॉलसमोर. त्यांना ऐकू आलं नाही, एवढंच बरं झालं.

मग ठरवलं, नव्या मशिनी घ्यायच्या. दुकानवाले म्हणाले, कान पुन्हा तपासावे लागतील, कानाचा साचा घ्यावा लागेल, त्यांना आणा. केंद्र म्हणालं, डॉक्टरांची चिठ्ठी आणा. डॉक्टर म्हणाले, या अवस्थेत उपयोग नाही. भाऊ फोनवर म्हणाला, "अगं, आता त्यांना कळतं तरी काय? काहून त्रास देतेस त्यांना?" मी त्याला जे बोलले ते इथे लिहिता येणार नाही. चिठ्ठी मिळाली, पण त्यात महिना गेला.

दुकानात त्यांना छोट्या बंद खोलीत बसवलं, कानांवर मोठे हेडफोन चढवले. आवाज आला की बोट वर करा, हे त्या मुलीने खुणेने सांगितलं. आणि बाबांनी बोट वर केलं. प्रत्येक आवाजाला, न चुकता, अगदी बाजारात बोली लावल्यासारखं ऐटीत. मुलगी काचेतून माझ्याकडे बघून म्हणाली, "ताई, आजोबांना तर सगळं समजतं!" मग तिने माइक माझ्या हातात दिला. मी म्हणाले, "बाबा, मी शोभा." त्यांनी दचकून मान वर केली. ओठ हलायला लागले, जीभ वळेना, आणि मग एकेक शब्द बाहेर आला : "शोभे... इतके दिस... काहून बोलत नव्हती वं?"

मी माइक परत दिला. 

नव्या मशिनींना तीन आठवडे लागतील म्हणाले. केंद्रात येऊन मी सांगितलं, यांना सगळं कळतं, यांना मागच्या हॉलमधून हलवा. "बघू," मॅनेजरबाई म्हणाल्या. बघताबघता तीन आठवडे झाले, आणि तो साडेनवाचा फोन आला.

तेरवी झाल्यावर रेखाताई घरी आल्या. त्या केंद्रात काम करायच्या, रोज कन्हानहून बसने येत, आणि बाबांना भरवताना त्यांच्याशी बोलणारं तिथलं ते एकच माणूस होतं. बाबांच्या सामानाची पिशवी त्यांनी आणून दिली. मी ती न उघडता कपाटावर टाकली. गेल्या रविवारी धुणं काढलं तेव्हा उघडली. दोन बंड्या, चष्मा, आणि नंबरची पट्टी लावलेला जुना दुपट्टा. तो बादलीत टाकला आणि हात थांबला. मी तो बाहेर ओढला. अर्धा भिजला होता. कोरड्या राहिलेल्या तिसऱ्या कोपऱ्याला गाठ होती.

ती सोडवायला मला सुई लागली. आत दोन्ही मशिनी होत्या, बॅटरीची झाकणं उघडी. वानगी दुसऱ्याच्या हाती द्यायची नसते, हे मी लहानपणापासून ऐकत आले. बाबा माझ्यासमोर चार कोपरे चाचपत होते आणि मी त्यांना उन्हाचं सांगत होते. केंद्रावर, डॉक्टरांवर, भावावर मी मनात कितीदा तरी ओरडून घेतलंय, आणि त्यातला एकही शब्द मी मागे घेणार नाही. पण केंद्रातल्यांनी नि डॉक्टरांनी कळमना बघितला नव्हता. मी बघितला होता. माझ्या हातात माइक होता तेव्हा एवढंच विचारायचं होतं, बाबा, मशिनी कुठे बांधल्या? आईने तर हे न विचारताच शोधलं असतं.

घरात बॅटऱ्यांची एक पट्टी शिल्लक होती. दोन्हीत नवी बॅटरी घातली, झाकणं लावली, मुठीत धरल्या. बंद मुठीत त्या शिट्टी वाजवायला लागल्या, बारीक, न थांबता. चालू होत्या. नऊ आठवडे एका स्टोअरमध्ये, त्यांच्या पलंगापासून वीस पावलांवर, चांगल्या चालू अशा पडून होत्या.

नव्या मशिनींचा डबा सीलबंद टेबलावर आहे, तो परत करायचा आहे. जुन्यांच्या बॅटऱ्या मी काढल्या, झाकणं उघडी ठेवली आणि दुपट्टा वाळल्यावर त्याच कोपऱ्यात त्या पुन्हा ठेवल्या. त्यांच्यासारखी गाठ मला दोन्ही हातांनी बसेना, मग मीही दात लावले.