भवानीबाईंच्या गुडघ्यावरचे राज्यपाल

आमच्या मंडळाने कोल्हापुरी फेटा मागवला नसता, तर भवानीबाईंची आणि माझी गाठ पडलीच नसती. म्हणून त्या फेट्याला मी आता नावं ठेवत नाही. तेव्हा मात्र ठेवली होती, आणि भरपूर ठेवली होती.

झालं असं. २०२३च्या एक नोव्हेंबरला म्हैसूर राज्याचं नाव कर्नाटक झालं त्याला पन्नास वर्षं होत होती. आम्ही म्हैसूर शहरातल्या विजयनगर भागातली मराठी मंडळी, नोकरीपायी इकडे आलेली, इथलंच पाणी पाजून पोरं मोठी केलेली. राज्योत्सवाला आपणही काहीतरी करावं असं ठरलं. मी शाळेत इतिहास शिकवते, तेव्हा विषय शोधायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी म्हटलं, दरवर्षीची गणेशवंदना आणि लावणी आता पुरे. आपण या राज्याच्या सगळ्यांत वरच्या खुर्चीची गोष्ट दाखवू. मंचावर एक खुर्ची ठेवायची आणि तिच्यावर एकामागून एक माणसं येऊन बसतील.

आधी इंग्रज कमिशनर, कारण १८३१मध्ये इंग्रजांनी महाराजांकडून कारभार काढून घेतला, तो पन्नास वर्षं परत दिला नाही. मग पुन्हा महाराजांचं घराणं. स्वातंत्र्यानंतर महाराज झाले राजप्रमुख. १९५६मध्ये ते पदच गेलं आणि कालपर्यंत राजप्रमुख असलेले तेच गृहस्थ राज्यपाल झाले! त्यांच्यानंतर मात्र कुठकुठले राज्यपाल येऊ लागले, दिल्लीहून नेमलेले, मुदत संपली की जाणारे. मला ही गोष्ट फार आवडते. वर्गात सांगताना मुलं जांभया देतात ते सोडा.

कपडेपट बघायचं काम आमच्या ह्यांनी, म्हणजे उपेंद्रने, हौसेने अंगावर घेतलं. आठवड्याभराने कुरिअरचं खोकं उघडून त्याने फेटा बाहेर काढला. भगवा, कमरेपर्यंत लोंबणारा शेमला, डोक्यावर हा एवढा तुरा!

"हा कुणासाठी?" मी विचारलं.

"राजप्रमुखांसाठी. खास कोल्हापूरहून मागवलाय."

"कपाळ माझं! अहो, हा राजप्रमुख आहे की वरातीतला मामा?"

"फेटा तो फेटाच ना, रजनी. तू उगाच डोकं खातेस."

तीस-चाळीस सुशिक्षित माणसांच्या मंडळात एकालाही यात काही चुकलंय असं वाटलं नाही. सगळे सातारा, सांगली, पुण्याचे. राजा म्हटलं की आमच्या डोळ्यांपुढे आपलाच फेटा येणार! या गावात राहून सतरा वर्षं झाली, दसऱ्याला दरवर्षी गर्दीत चेंगरून घेतो, आणि तरी इथला पेटा, म्हणजे जरीकाठी म्हैसुरी पगडी, आम्हाला आठवला नाही. मी तणतणत उपेंद्रला स्कूटरवर मागे बसवलं आणि थेट चामराजपुरम गाठलं. तिथे रणोजीरावांचं पेट्यांचं दुकान आहे असं शाळेतल्या शिपायाने सांगितलं होतं.

रणोजीराव ऐंशीच्या पुढचे. ताठ कणा, पांढऱ्याशुभ्र मिशा, डोक्यावर काळी टोपी. त्यांचे पूर्वज म्हैसूरच्या घोडदळात होते. घोडी गेली, तलवारी गेल्या, पेटे बांधायचं काम तेवढं घरात राहिलं. मराठी बोलता बोलता ते मध्येच कन्नडात शिरत आणि आपण कुठे शिरलो हे त्यांना कळतही नसे. उपेंद्रने ऐटीत खोकं उघडलं. रणोजीराव बिचारे सभ्य, ते नुसतंच खोकले. पण मागच्या पडद्याआडून खो खो हसणं ऐकू आलं.

"अय्यो देवरे! राजाला नवरदेव केलात की!"

पडदा सरकवून बघते तर एक बाई सतरंजीवर बसलेल्या. वय सत्तरीचं, पातळ गुडघ्यापर्यंत खोचलेलं, डावा गुडघा उभा, आणि त्या गुडघ्यावर जरीकाठी रेशमाची एकेक घडी अशी बसत चाललेली की मी फेटा विसरले, राग विसरले, आणि दारातच उभी राहिले. त्या रणोजीरावांच्या धाकट्या बहीण, भवानीबाई. हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि हात मात्र थांबले नव्हते.

"या की आत. बसा. तुमचा फेटा वाईट न्हाई हं, फक्त गाव चुकला त्याचा."

त्या दिवसापासून मी शाळा सुटली की तिकडेच. उपेंद्र म्हणायचा, माहेर सापडलं वाटतं तुला. सापडलंच होतं.

भवानीबाईंचा नवरा नंजनगूडच्या एका कारखान्यात होता. तो अपघातात गेला तेव्हा या ऐन पंचविशीत. मुलगी कडेवर घेऊन भावाकडे आल्या. काही वर्षं उदबत्त्या वळल्या. मग एका लग्नसराईत वडिलांचे डोळे दुखायला लागले आणि पेटे अडले, तर यांनी गुपचूप दोन बांधून ठेवले. वडिलांनी ते उलटेपालटे करून पाहिले, आणि दुसऱ्या दिवशी रेशमाचा गठ्ठा यांच्यापुढे आणून टाकला. तेव्हापासून दुकानातला प्रत्येक पेटा यांच्या गुडघ्यावरून उठलेला. मुलगी त्याच गुडघ्याने शिकवली, लग्न करून दिली, आणि कुणापुढे हात पसरला नाही. मी असते तर चार दिवसांत रडत बसले असते.

शहरात सत्काराला राज्यपाल यायचे असले की काम यांच्याकडे. राज्यपालांच्या डोक्याचा घेर दोऱ्याच्या तुकड्यावर मापून कुणीतरी रणोजीरावांना आणून द्यायचं. भवानीबाई गुडघ्याला टॉवेल गुंडाळायच्या, दोरा बरोबर पुरेपर्यंत. "एक साहेब आलते, दोन टॉवेल लागले बघा," त्या सांगायच्या. "एकाला टॉवेलच नको, उघडा गुडघाच पुरला! मी त्यांना नावानं वळखत न्हाई. नावं तुम्ही शिकवा पोरांना. आमचे वडील, आप्पा, म्हणायचे, राजा व्हता तवा हाच पेटा, राज्यपाल झाला तवा बी हाच. खुर्चीचं नाव बदललं म्हणून घडी बदलायची न्हाई."

मग एके दिवशी चहा पिताना मी विचारलं, "सगळ्यांत छान कुणाच्या डोक्यावर दिसला?"

त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "मी कुठं बघितलाय?"

त्यांच्या घरातली रीत अशी की पेटा बाईने बांधला तरी चालेल, पण माणसाच्या डोक्यावर तो पुरुषाच्याच हाताने चढायचा. बाईच्या हाताने चढला तर ते मस्तक झुकतं म्हणे! त्यात या विधवा. त्यामुळे बांधलेला पेटा तबकात ठेवून रणोजीराव समारंभाला घेऊन जायचे, आणि या मागच्या खोलीत. टीव्हीवर बातम्यांत दिसलाच तर क्षणभर. पाहुण्यांनी घातला, फोटो निघाला, की लगेच काढून मागच्याच्या हातात दिला.

"घातला की काढला, घातला की काढला," भवानीबाई म्हणाल्या. "मला एकदा जित्त्या डोक्यावर बांधायचाय, रजनीबाई. गुडघ्यावर बांधून जन्म गेला. गुडघ्याला तोंड नसतंय की वो. तोंडाला शोभतंय का न्हाई, कसं कळायचं? एकदा बांधायचा आणि पोटभर बघायचा. साकु, मग पुरे."

माझ्या नाकावर राग असतोच. मी तशीच उठून पुढे गेले आणि रणोजीरावांना म्हटलं की आमच्या कार्यक्रमात शेवटी नाटकातल्या राज्यपालांचा सत्कार आहे, तिथे मंचावर सगळ्यांसमोर पेटा बांधून दाखवायचाय, आणि तो भवानीबाई बांधतील.

"आमच्या घरात असलं होत न्हाई," ते शांतपणे म्हणाले. "मंचावर बांधायचा तर मी येतो."

"पण बांधतात तर त्याच! तुम्ही नुसतं..."

"रजनीबाई!" मागून आवाज आला. भवानीबाई पडद्यात उभ्या होत्या आणि त्यांचे डोळे रागाने मोठे झाले होते. "माझ्या भावाला बोलायचं न्हाई. मला पोरीसकट घरात घेतलं त्यानं, तवा कुणी आलं नव्हतं."

मी चडफडत माघारी वळले. जाताना एक गोष्ट मात्र पाहिली. त्यांनी भावाला चहा दिला तो कपबशीतून नाही, स्टीलच्या पेल्यातून, तोही अर्धाच. रणोजीरावांनी दोन्ही हातांनी पेला धरला तरी तो त्यांच्या अंगठीवर किणकिणत होता. मी भवानीबाईंकडे बघितलं. त्यांनी मान हलवून मला गप्प राहायला सांगितलं.

एक नोव्हेंबरला सकाळी विजयनगरातला हॉल गच्च भरला. शेजारपाजारची कन्नड मंडळीही आली होती. राजप्रमुखाच्या डोक्यावर भवानीबाईंनी बांधलेला पेटा बसला आणि पहिल्या रांगेतल्या आजोबांनी चक्क उठून हात जोडले. भवानीबाई माझ्याशेजारी चौथ्या रांगेत होत्या. मी त्यांना जवळजवळ ओढूनच आणलं होतं. पदर घट्ट धरून त्या एकटक बघत होत्या, पण राजप्रमुख दोन वाक्यं बोलून आत गेलासुद्धा. "गेला की वो," त्या हळूच म्हणाल्या.

शेवटी राज्यपाल, म्हणजे आमचा उपेंद्र, बंद गळ्याचा कोट घालून खुर्चीत बसला. रणोजीराव रेशीम घेऊन पुढे आले. पहिला वेढा दिला, दुसरा दिला. तिसऱ्याला हात इतका थरथरला की घडी निसटली आणि सगळं रेशीम उपेंद्रच्या खांद्यावरून खाली घरंगळलं. त्यांनी पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तेच. सूत्रसंचालक मुलगी राजप्रमुखाचा तयार पेटा पुढे करत म्हणाली, "काका, हा घालूया का?" भवानीबाईंनी माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली. आपल्याला आता संधी मिळेल असला विचार त्यांच्या मनालाही शिवला नव्हता, शपथेवर सांगते. भावाची लाज जातेय, एवढंच त्यांना दिसत होतं.

रणोजीराव रेशीम हातात धरून उभे राहिले. मग उपेंद्रला म्हणाले, "उठा साहेब."

उपेंद्र मुकाट्याने उठला. माझ्या सांगण्यावरून इतक्या चटकन तो कधी उठत नाही. रणोजीराव स्वतः त्या खुर्चीत बसले. डोक्यावरची काळी टोपी काढून त्यांनी मांडीवर ठेवली. चारचौघांत त्यांचं उघडं डोकं तोवर कुणी पाहिलं नव्हतं.

"बा तंगी," त्यांनी हाक मारली. ये, धाकटे.

भवानीबाई उभ्या राहिल्या, पण पाय उचलेना. "अण्णा," त्या तिथूनच म्हणाल्या, "माझा हात कसा चालंल?"

"आजवरचे सगळे पेटे तुझ्याच हातचे. मी नुसते नेऊन ठेवले." त्यांचा आवाज सगळ्या हॉलभर ऐकू गेला. "मस्तक झुकतंय म्हणत्यात. झुकलं तर पहिलं माझं झुकू दे."

मला रडू आवरेना. भवानीबाई पायऱ्या चढून गेल्या. भावाच्या हातातून रेशीम घेतलं, एकदा झटकलं आणि बांधायला लागल्या. गुडघ्यावर बांधताना त्या कधी खाली बघत नसत, बोटंच सगळं करत. आज त्या प्रत्येक घडीला भावाच्या तोंडाकडे बघत होत्या. कपाळावरून, कानामागून, पुन्हा कपाळावरून. शेवटचा जरीकाठ खोचला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. मी तर शिट्टी वाजवणार होते, शाळेतले पालक दिसले म्हणून थांबले.

भवानीबाई दोन पावलं मागे सरकल्या. मान तिरकी करून बघितलं. आणि पुढे होऊन त्यांनी अख्खा पेटा भराभर सोडला!

"डावीकडं बसला," त्या म्हणाल्या. "परत बांधते."

सगळा हॉल हसला. मंडळाच्या अध्यक्षांनी खालून मनगटावरचं घड्याळ दाखवलं. उपेंद्र बंद गळ्याच्या कोटात बाजूला ताटकळत होता. तो नरमाईने म्हणाला, "बाई, राज्यपाल थांबलेत."

त्यांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"थांबूद्यात की. राज्यपाल येत्यात नि जात्यात. माझा भाऊ एकच हाय."

खुर्चीत रणोजीराव डोळे मिटून बसले होते. मांडीवरच्या टोपीवर त्यांचे हात थरथरत होते, पण डोकं त्यांनी जराही हलू दिलं नाही. भवानीबाई सावकाश, एकेक घडी लावत, मध्येच थांबून, पोटभर बघत होत्या.