गव्हातल्या गोळ्या

प्रतिमाबाई शेळके एका जागी स्वस्थ बसल्यात, असं हिंदी मुलखातल्या तेलीबाग वस्तीत कुणी कधी पाहिलं नव्हतं. यजमान सुभेदारसाहेब सीमेवर, घराचा भार एकट्या बाईंवर आणि पायाला भिंगरी! त्यात चौऱ्याण्णवच्या मे महिन्यात लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, मग तर विचारूच नका. आठवा महिना, बाहेर लूचा गरम वारा नुसता भाजून काढतोय. बाईंनी रुचाला आतली खोली दिली, खिडकीच्या फटींत जुनी पातळं कोंबली आणि दार लोटून घेतलं. पोरीला वाऱ्याची झुळूकसुद्धा लागू द्यायची नाही म्हणजे नाही.

त्याच खोलीत वर्षाच्या गव्हाची पत्र्याची कोठी होती. एरवी बाई फलटणच्या रीतीनं गव्हाला एरंडेल चोळून ठेवायच्या. यंदा वेळ कुठला? शेजारच्या मिश्राइननं कीड मारायच्या गोळ्या दिल्या. "कपड़े में बाँधके डाल दो भाभी, एक घुन नहीं लगेगा." कोठी राहत्या खोलीत नको, हे तिनं सांगितलं नाही की बाईंनी ऐकलं नाही, देव जाणे. बाईंनी पुरचुंड्या गव्हात खुपसल्या आणि झाकण लावून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच रुचाचं डोकं ठणकायला लागलं. मळमळ झाली, उलटी झाली.

"पोटुशी बाईला व्हायचंच गं," बाई म्हणाल्या. "तुझ्या वेळी मी नऊ महिने ओकत होते. पडून राहा." आणि दार आणखी घट्ट लावलं! आता काय म्हणावं या मायेला?

पण जिवाला चैन पडेना. पुसलेला ओटा पुन्हा पुसला, निवडलेले तांदूळ पुन्हा निवडले. दुपारी पाणी द्यायला दार उघडलं, तर लसणाचा वास! रुचाला सोसत नाही म्हणून ती आल्यापासून घरात लसणाची पाकळीसुद्धा नव्हती. वास कोठीकडून येत होता. बाईंना गव्हातल्या पुरचुंड्या आठवल्या.

"रुचा! अगं ऊठ!"

रुचा धापा टाकत होती, तिच्यानं उभंही राहवेना. बाईंनी तिला काखेत धरून ओढत अंगणात आणलं, त्याच लूमध्ये. "मिश्राइन! दौड़ो!" ओरडून ओरडून घसा बसला. मिश्राजींनी रस्त्यावरचा टेम्पो अडवून आणला.

दवाखान्यात बाई भिंत धरून उभ्या राहिल्या, बसायला तयार नाहीत. डॉक्टरीणबाई रुचाच्या पोटाला नळी लावून ऐकत होत्या, आणि ऐकतच होत्या. बोला की हो बाई, एकदाचं काय ते बोला!

"धड़कन ठीक है," त्या शेवटी म्हणाल्या. "उस गोली से ज़हरीली गैस निकलती है, माताजी. बंद कमरे में थोड़ी देर और रहतीं, तो दोनों न बचते."

बाईंना रडू फुटलं. "मीच घातल्या गं त्या गोळ्या. मीच दार लावलं."

रुचानं आईचा हात धरून पोटाकडे ओढला. "आई, बघ ना, लाथ मारतोय."

बाईंनी चटका बसावा तसा हात मागे घेतला. "थांब. हात धुऊन येते."

व्हरांड्यातल्या नळावर त्यांनी कोपरापर्यंत साबण लावला, धुतला, हात हुंगले, पुन्हा लावला.

"आई, ये ना! थांबेल तो!" आतून रुचाची हाक आली.

"आले गं, आले," म्हणत बाईंनी परत साबण उचलला.