अळंबी कुठल्या ढिगात?

२०१९ साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो. त्या पावसाळ्यात जामसरला आमच्या ओट्यावर एक बाई तासभर टेकल्या. नाव मी विचारलं नाही. रानातून आणलेला पाला त्या जुन्या पेपरांत दाबत होत्या. दगडावरचं शेवाळ एका ढिगात, फूल न येणारे नेचे दुसऱ्यात, फुलाबियांचं सगळं तिसऱ्यात. प्रत्येक पान आधी उलटं करून बघायच्या.

मी म्हटलं, "शाळा दुसरीपर्यंतच, पण या रानातलं मला ठाऊक नाही असं पान नाही." आणि टोपलीतली अळंबी पुढं केली. "ही कुठल्या ढिगात?"

"कुठल्याच नाही, बाबा. ही वनस्पतीच नाही. झाडांपेक्षा प्राण्यांच्या जवळची."

"म्हणजे मटण का काय? मी माळकरी माणूस, बाई!"

त्या हसल्या नाहीत. "ते माझ्या पुस्तकात नाही," म्हणाल्या आणि पेपर बांधून गेल्या.

माळ घातल्यापासून वीस पावसाळे मी अळंबी भाजी म्हणून खाल्ली होती. मग माळ बाटली का?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अळंबी उगवते त्या वारुळापाशी गेलो, एक अळंबी विळ्यानं उभी चिरली आणि रक्त येतं का बघितलं. आलं नाही. तरी टोपलीत टाकायला हात होईना.