बाबांचं ऑफिस

"रविवारी आजोबांचं ऑफिस बघायला जायचं," असं मुलाने जेवता जेवता जाहीर केलं आणि मी नको असताना त्याला आणखी भात वाढला.

मुलगा एका आर्किटेक्टकडे कामाला आहे. फोर्टातल्या एका जुन्या उंच इमारतीच्या डागडुजीचं काम त्याच्या साहेबांना मिळालं होतं. ती इमारत म्हणजे आर्ट डेको नावाच्या जुन्या बांधणीचा केवढा सुंदर नमुना आहे, परदेशातून लोक तिचे फोटो काढायला कसे येतात, हे तो आठवडाभर आम्हाला ऐकवत होता. तिचा पत्ता कळल्यावर त्याची ट्यूब पेटली. "आई, आजोबा इथेच विमा कंपनीत कारकून होते ना गं?"

"हो," मी म्हणाले. सत्तावीस वर्षं तेच सांगत आले होते. आणखी एकदा सांगितलं तर काय बिघडणार होतं?

खरं असं की बाबा तिथे कारकून नव्हते, लिफ्टमन होते. एकतीस वर्षं. खाकी कपडे, छातीवर पितळी बिल्ला, बसायला लाकडी स्टूल. आणि कारकून ही थाप त्यांची नव्हे, माझी.

सात वर्षांची असताना एका दसऱ्याला बाबा मला तिकडे घेऊन गेले होते. ज्याच्या पोटाचं जे साधन, त्याची दसऱ्याला पूजा. त्यामुळे लिफ्टच्या जाळीला झेंडूची माळ, पितळी हँडलला हळदकुंकू, आणि वरच्या मजल्यावरचे मोठमोठे साहेब बाबांच्या हातून पेढा घेत होते. बाबांनी मला दहाव्या मजल्यापर्यंत नेलं, मग छोट्या जिन्याने गच्चीवर. तिथून बंदरातल्या बोटी दिसल्या. आमच्या भांडुपच्या चाळीत मी पुढे महिनाभर नुसती फुशारकी मारत होते. माझे बाबा माणसांना आभाळात नेतात, तुमचे नेतात का?

पुढे कॉलेजात गेले आणि माझी अक्कल वाढली. म्हणजे मला तसं वाटत होतं. बाविसाव्या वर्षी मुलुंडचं स्थळ आलं. स्वतःचा ब्लॉक, मुलगा बँकेत. बायोडेटा मीच लिहायला बसले आणि वडिलांच्या नोकरीपुढे सरळ लिहून टाकलं, कारकून, विमा कंपनी. बाबांनी कागद हातात घेतला, एकेक ओळ बोट फिरवत वाचली आणि घडी घालून परत दिला. "अक्षर बरा आसा तुझा," आपल्या मालवणीत एवढंच म्हणाले. आईने तोंड उघडलं तर तिलाही डोळ्यांनी गप्प केलं. मला तेव्हा त्या थापेची लाज वाटली नाही. सुटले, असंच वाटलं, हे आज कबूल करते.

लग्न झालं. बाबा मुलुंडला यायचे ते पांढऱ्या शर्टात, खिशाला पेन लावून. ते पेन मी कधी कागदावर टेकलेलं बघितलं नाही. सासूबाई तोंडाने तिखट बाई. माझ्या भाजीपासून माझ्या चालण्यापर्यंत त्यांना सगळ्यावर बोलायचं असायचं. पण बाबा आले की स्वतः उठून चहा करायच्या, चांगल्या कपात द्यायच्या आणि गावच्या आंब्यांबद्दल बोलत बसायच्या. ऑफिसबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. मला वाटायचं, काय शिष्ट बाई आहे, कारकुनाची चौकशी करणंसुद्धा हिला कमीपणाचं वाटतं! आमचं दोघींचं कधी पटलं नाही. दोन वर्षांपूर्वी त्या गेल्या, पण माझी थाप तशीच राहिली. खोटं एकदा घरात मुरलं की त्याला बाहेर कोण काढणार?

सगळ्यात वाईट काय झालं ते सांगते. लहानपणी बाबा रोज लिफ्टच्या गोष्टी सांगायचे. कोण साहेब आरशात बघून भांग पाडतो, कोण बाई तिसऱ्या मजल्यापर्यंत देवाचं नाव घेते. लग्नानंतर नातवापुढे जीभ घसरू नये म्हणून त्यांनी त्या गोष्टी बंदच केल्या. एकतीस वर्षांची नोकरी त्यांनी माझ्यासाठी गिळली.

शनिवारी मी गुपचूप भांडुपला फोन लावला. "बाबा, पाय दुखतात म्हणून सांगा आणि नका येऊ."

"पाय खय दुखतत? मी येतंय," ते म्हणाले. "तू भियां नको. मी काय्येक बोलाचंय नाय." आवाज असा खूश होता की मी 'बरं' म्हणून फोन ठेवला.

रविवारी सकाळी मुलाने गाडी बोलावली. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून चाळीच्या तोंडाशी आधीच उभे होते, खिशाला पेन लावून. ऐंशीला टेकलेला माणूस, पण दाढी अशी गुळगुळीत केली होती की मुलगा म्हणाला, "आजोबा, झकास!"

इमारतीसमोर उतरलो. मुलगा हात वर करून दाखवायला लागला. तो बघ माथा कसा पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलाय, हे कोपरे बघ कसे गोल वळवलेत, ही जाळी बघ, उगवत्या सूर्याचे किरण. मी म्हटलं, "अरे, असले किरण आमच्या चाळीतल्या प्रत्येक खिडकीच्या ग्रीलला होते. फोटो काढायला कोणी आलं नाही ते."

"ते इथलंच बघून केलेलं असणार गं," तो म्हणाला. बाबा दाराच्या आत, काळोखात, लिफ्टच्या दिशेने बघत होते.

वॉचमनने परवानगीचं पत्र वाचलं आणि मान हलवली. "गच्चीवर जा ना, पण जिन्याने. रविवारी लिफ्टमनची सुट्टी असते."

दहा मजले! बाबा दुसऱ्या मजल्यापर्यंतही चढले नसते. मुलाने कपाळावर हात मारला. "वाट लागली यार! लिफ्टमनचं डोक्यातच आलं नाही." मग वॉचमनला म्हणाला, "तुम्ही चालवा ना."

"हँडलची आहे साहेब. नेमकं कुठे सोडायचं ते हाताला कळावं लागतं, नाहीतर लिफ्ट मजल्याच्या चार बोटं वरती नाहीतर खाली. मला नाही जमत. आणि भलत्याला हात लावू दिला तर माझी नोकरी जाईल."

"मी हयच बसतंय," बाबा म्हणाले. "तुमी जावा वर. माका काय, मी रोज बघलेला आसा." आणि ते वॉचमनच्या बाकावर जाऊन बसलेसुद्धा. दोन्ही हात गुडघ्यांवर, नजर लिफ्टच्या जाळीवर. आतलं ते पितळी हँडल मलाही दिसत होतं. ज्या लिफ्टमध्ये अख्खं आयुष्य काढलं, तिच्यापासून दहा पावलांवर हा माणूस परक्यासारखा बसला होता, आणि का? तर माझं नाक कापलं जाऊ नये म्हणून. मला स्वतःची चीड आली.

"ते चालवतील," मी वॉचमनला म्हणाले. आवाज जरा चढलाच. "माझे वडील आहेत. एकतीस वर्षं इथेच लिफ्टमन होते."

मुलगा माझ्याकडे बघतच राहिला. वॉचमनचा विश्वास बसेना. "कशावरून?"

बाबा बसल्या जागेवरून शांतपणे म्हणाले, "मेन स्विच जिन्याखालच्या लाकडी पेटीत. पेटीची चावी आतल्या डाव्या खिळ्याक."

"हल्ली उजव्या खिळ्याला असते," वॉचमन म्हणाला आणि आणायला गेला.

बाबा लिफ्टमध्ये शिरले. आधी जाळीला हात लावून तो कपाळाला टेकवला, मग आम्हाला आत घेऊन जाळी ओढली, खडाक्! आमच्याकडे पाठ केली आणि हँडल फिरवलं. लिफ्ट हलली तसा मुलगा हळूच म्हणाला, "मग कारकून?"

"ता मीच सांगितलंय," बाबा मागे न बघता म्हणाले. "लगीन जमाक व्हया म्हणान. तुझ्या आवशीक मी गप रवाक सांगितलंय."

अजूनही मलाच झाकत होता हा माणूस! मी म्हटलं, "नाही. मी लिहिलं होतं ते. माझ्या हाताने. मला लाज वाटायची यांची." तिसरा मजला खाली गेला, चौथा गेला. मग मुलाने आजोबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, "हे सोडायचं कधी, ते कसं कळतं?" बाबांनी त्याचा हात ओढून हँडलवर ठेवला, वर आपला ठेवला. दहाव्या मजल्याला लिफ्ट अशी थांबली की आतली फरशी आणि बाहेरची फरशी एक. बाबांनी खाली बघितलं आणि स्वतःशीच हसले.

गच्चीवर वारा होता. आता पुढे काचेच्या मोठमोठ्या इमारती झाल्यात, मधल्या फटीतून पाण्याचा जेमतेम एक तुकडा दिसत होता. मुलगा माप घ्यायला त्या पायऱ्यापायऱ्यांच्या माथ्याखाली गेला. मी बाबांजवळ कठड्याला टेकले आणि म्हटलं, "बरं झालं, सासूबाईंना कळायच्या आत गेल्या त्या. त्यांनी मला जन्मभर ऐकवलं असतं."

बाबांनी आधी नातू लांब आहे ना ते बघून घेतलं. मग म्हणाले, "तिका ठावक होता गो."

"काय?"

"तुझ्या लग्नाआदी ती हय इलेली. चौकशी करूक. आपला नाव सांगल्यान नाय, लिफ्टीत शिरली आणि माकाच इचारल्यान, अमुक नावाचे कारकून खंयच्या मजल्यार बसतत? मी काय सांगतलंय? म्हटलंय, बाय, तो मीच."

मुलीकडची चौकशी करायची, हे तर सगळेच करतात. ते माझ्या डोक्यात कसं आलं नाही?

"मग?"

"मग दहाव्या मजल्यापर्यंत काय्येक बोलली नाय. मी समाजलंय, मोडला लगीन. तर भायर पडताना म्हणता, 'मुलगी आम्हाला पसंत आहे. आणि मला कळलंय हे तिला कधी सांगू नका, बिचारी ओशाळेल.' माझ्याकडसून वचन घेतल्यान. आता ती गेली. आज तू सगळा बोललंस, म्हणान सांगतंय."

मुलगा लांबून हाक मारत होता, "आई, इकडे ये, हे बघ." माझ्याने जागचं हलवेना. सासूबाईंच्या तेराव्यालासुद्धा माझ्या डोळ्यांतून पाणी आलं नव्हतं. त्या दिवशी भर उन्हात, गच्चीवर, मी त्यांच्यासाठी हुंदके देऊन रडले.