घरच्या कामाचे तास

भाड्याची ट्रॅक्स कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतून निघाली तेव्हा मला वाटलं, आता थेट हायवे. पुढच्या सीटवर आण्णा, मागं मी, माझ्या बॅगा आणि आव्वा. आमचं मूळ कानडी सीमेकडचं, म्हणून आईला आम्ही आव्वाच म्हणतो. पण आण्णांनी, म्हणजे वडिलांनी, ड्रायव्हरला गाडी उद्यमनगरात, कारखान्यांच्या वस्तीत, घ्यायला लावली आणि ती शंकरकाकांच्या वर्कशॉपसमोर थांबली. आण्णा आणि शंकरकाका एकेकाळचे भागीदार. फाटल्यापासून दोघं एकमेकांच्या दारावरनं मान फिरवून जायचे. आण्णा उतरले, दारात उभे राहिले.

"शंकर, पोरगी कॅनडाला निघाली. तुझ्यामुळं."

काकांनी कापडाला हात पुसले. "माझ्यामुळं कशाला? तिनं काम केलं, मी पगार दिला."

चहा झाला आणि आम्ही निघालो.

हे वाचणाऱ्या तुमच्यातले काही गावीच राहिलात, काही माझ्यासारखे देश सोडून निघून आलात. निघालेल्यांना विचारा, व्हिसासाठी काय काय मोजावं लागतं. मला तास मोजावे लागले. आणि त्यावरून आमच्या घरात जे महाभारत झालं, ते आज हसत सांगता येतंय.

आण्णांचा धंदा लाकडी पॅटर्नचा. फाउंड्रीत लोखंड ओतायचं तर आधी वाळूत साचा लागतो, आणि साच्यासाठी लाकडाचा हुबेहूब नमुना. इंजिनिअरिंगच्या डिप्लोमाचा निकाल लागला त्याच आठवड्यात मी त्यांच्याकडं ड्रॉइंग करायला बसले. नव्वदचं दशक संपत आलेलं. कॉम्प्युटर घ्यायला मीच भाग पाडलं, आणि पुढं पाच वर्षं तिथून एक पॅटर्न माझ्या ड्रॉइंगशिवाय बाहेर पडला नाही. पगार? आमच्याकडं घरच्या माणसाला पगार देणं म्हणजे त्याला परकं करणं. मागेल ते मिळायचं, कपडे, स्कूटी, सगळं. माझीही काही तक्रार नव्हती.

मग कॅनडाचं डोक्यात शिरलं. तिथं ड्राफ्टिंगवाल्यांना घेतात असं कळलं आणि एका सोमवारी, उद्यमनगरची सुट्टी साधून, मी पुण्याला एका कन्सल्टंटकडं गेले. त्यानं समजावून सांगितलं. निदान सलग एक वर्षाचं काम हवं, आठवड्याला साडेसदतीस तास धरून. त्याच्या वर कितीही राबा, ते तास धरत नाहीत. आणि कंपनीच्या लेटरहेडवर अनुभवाचं पत्र. एवढंच ना, म्हटलं. माझ्याकडं तर पाच वर्षं पडून होती.

आण्णांनी हौसेनं पत्र केलं. माझं कौतुक ओतून ओतून लिहिलं, आणि शेवटी अभिमानानं एक ओळ घातली: सदर कन्या घरचीच असल्याने तिला पगार देण्याचा प्रश्न कधीही आलेला नाही. खाली सही, शिक्का. पुढच्या सोमवारी कन्सल्टंटनं ती ओळ वाचली, चष्मा काढला आणि म्हणाला, "मॅडम, बिनपगारी काम मोजत नाहीत. तुमचा अनुभव शून्य."

एसटीत कराडपर्यंत रडले. कराडनंतर राग आला.

घरी सांगितल्यावर आण्णा म्हणाले, त्यात काय, पगार किती लिहू सांग, मागच्या तारखेनं लिहून देतो. मी म्हटलं, खोटं नको, आजपासून खरा पगार द्या. तर भडकलेच.

"पोरीला पगार देऊ? लोक म्हणतील, पोरगी कामाला ठेवलीया. न्हाय जमायचं."

खोटं लिहायला तयार, खरं द्यायला नाही. मी पण त्यांचीच पोरगी. दुसऱ्या दिवशी गेले ती शंकरकाकांकडं, उभ्या उद्यमनगरात आण्णांना न चालणारी ती एकच जागा. पण ड्रॉइंगला माणूस त्यांनाच हवा होता. काकांनी विचारलं, घरात माहीत हाय का. म्हटलं, संध्याकाळी सांगते. आव्वाला सांगितलं, तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, "तू जा. तुझ्या बापाचं मी बघते."

काय बघितलं कुणास ठाऊक, आण्णा माझ्याशी वर्षभर बोलले नाहीत. पण सकाळी उठून बघावं तर त्यांची अडलेली ड्रॉइंगं घरातल्या माझ्या टेबलावर. कामावर जायच्या आधी मी ती करून ठेवायची. आण्णांचं काम काकांना आणि काकांचं आण्णांना कधी कळू दिलं नाही. पहाटेचे ते तास कॅनडाच्या सरकारनं धरले नाहीत. मी धरले.

वर्ष भरलं, वर आणखी काही महिने झाले. दर महिन्याचा पगार चेकनं, बँकेत नोंद, काकांचं पत्र दोन ओळींचं आणि चोख. मग कागद गेले, आणि वाट बघण्यात दोन-तीन वर्षं गेली. पासपोर्टवर व्हिसा चिकटून आला तेव्हा मी गल्लीभर पेढे वाटले. जिंकलेच होते मी. लग्न करून कुणाच्या मागं नाही, कुणाच्या ओळखीवर नाही, स्वतःच्या हातावर.

आता इथं कॅनडातल्या ओंटारियोत एका फाउंड्रीत मी डिझाइनची टीम सांभाळते. इथले लोक साडेचारला पेन खाली ठेवतात. सुरुवातीला मला ते फार कोरडं वाटलं, आता मीही ठेवते. तांबडा-पांढरा रस्सा घरी होतो, पण त्या मसाल्यासाठी आव्वाच्या पार्सलची वाट बघावी लागते, हेही खरं.

मागच्या महिन्यात फोनवर भावजय सांगत होती. धाकट्या भावाची बायको ती, आता आण्णांकडं तीच ड्रॉइंग करते. आण्णांनी तिला पहिल्या तारखेपासून पगार सुरू केलाय, चेकनं. भाऊ म्हणाला, घरातल्या घरात कशाला हे? तर आण्णांनी त्याला सगळ्या कामगारांसमोर झापलं.

"उद्या तिलाबी कुठं जावं वाटलं तर? तास भरलेलं असूदेत की."

ती हसत होती. माझे मात्र डोळे भरून आले. कोल्हापूर सोडून इतकी वर्षं झाली, लोक विचारतात घर कुठलं, तर मी अजून मंगळवार पेठच सांगते. त्या घरात आता बाईचं काम काम म्हणून धरतात.